इंग्रजी, संवाद आणि माध्यमे : प्रवेशाआधीचा हिशेब

मे-जून आले की दर शनिवारी संध्याकाळी मंडळाच्या वाचनालयात आम्ही तीन-चार निवृत्त मंडळी एक टेबल मांडून बसतो. एक जण शिक्षक होते, एक सरकारी कचेरीत होते आणि हे लिहिणाऱ्याची सारी नोकरी बँकेत गेली. बारावी झालेली मुले आणि त्यांचे पालक येतात, कोणाला फॉर्म भरून हवा असतो, कोणाला कर्जाची कागदपत्रे समजून घ्यायची असतात. आजवर विचारणा असायची ती इंजिनिअरिंग, सीए आणि फार तर फार्मसीची. यंदा मात्र एक नवीच जोडगोळी सारखी कानावर पडते आहे : इंग्रजी आणि मास कम्युनिकेशन.

गेल्या शनिवारी एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. मुलगी गप्प होती, पण हातात दोन कॉलेजांची माहितीपत्रके होती आणि त्यांत पेन्सिलीने खुणा केलेल्या होत्या. वडील म्हणाले, "काका, हिला इंग्रजी घ्यायचंय, सोबत माध्यमांचा अभ्यास. आता तुम्हीच सांगा, घरात आपण मराठी बोलतो, घराबाहेर पडलं की सगळी हिंदी. इंदुरात बसून ही इंग्रजीत सांगणार काय, आणि सांगणार कोणाला?"

प्रश्न थोडा टोचून विचारलेला होता, पण खोटा नव्हता. "सांगणार कोणाला?" या प्रश्नापाशी या अभ्यासक्रमाचे सारे गणित येऊन थांबते. त्या दिवशी आम्ही अर्ध्या तासात जमेल तेवढे उत्तर दिले. नीट उत्तर द्यावे म्हणून हा लेख.

आधी आमचीच कबुली

आम्ही बी. कॉम. झालो तेव्हा 'कम्युनिकेशन' म्हणजे व्यापारी पत्रव्यवहार. 'विथ रेफरन्स टू युवर लेटर' ने सुरुवात आणि 'युवर्स फेथफुली' ने शेवट, मधला मजकूर पाठ. त्या जोरावर बँकेत लागलो आणि इंग्रजी पत्रे झरझर लिहू लागलो. पुढे माळव्यातल्या एका खेडेगावच्या शाखेत बदली झाली. कर्ज मान्य असल्याचे पत्र दर तीन वर्षांच्या आत कर्जदाराकडून सही करून घ्यावे लागते, नाहीतर वसुलीच्या दाव्याची मुदत निघून जाते. आम्ही अशी पत्रे तयार करून टपालाने पाठवली. सगळी इंग्रजीत, सगळी बिनचूक.

चौथ्या दिवशी एक शेतकरी धापा टाकत शाखेत आला. त्याने कमरेच्या कापडातून बायकोची चांदीची कडी काढून आमच्या टेबलावर ठेवली. पत्र आले म्हणजे जप्ती आली, असे गावात कोणीतरी त्याला सांगितले होते. वास्तविक त्याचा एकही हप्ता थकलेला नव्हता. आमच्या शाखेतल्या एका कारकुनाने त्याला बाजूला बसवले, पाणी दिले आणि माळवी बोलीत दोन मिनिटांत सगळा उलगडा केला. कडी परत कमरेला गेली.

त्या दिवशी संवाद कोणाला येत होता? आम्हाला नाही, त्या कारकुनाला. आमचे पत्र व्याकरणाने शुद्ध होते, पण ते पोहोचले नव्हते. आज ज्या विषयाच्या पदव्या मिळतात त्याचा पहिला धडा आम्हाला असा मिळाला. म्हणून या विषयाला 'सोपा विषय', 'मुलींचा विषय' म्हणून नाक मुरडणाऱ्यांत आम्ही नाही. हे शिकण्यासारखे आहे. फक्त ते इंग्रजीत सुरू होऊन इंग्रजीतच संपते, या समजुतीला आमचा विरोध आहे.

शिकवतात काय?

पालकांच्या मनात इथे बराच गोंधळ असतो. नुसते बी. ए. इंग्रजी म्हणजे मुख्यतः साहित्य : कविता, नाटक, कादंबरी, समीक्षा आणि थोडे भाषाशास्त्र. पत्रकारिता आणि जनसंज्ञापनाची पदवी वेगळी. तिच्यात वार्तांकन, संपादन, जाहिरात, जनसंपर्क, रेडिओ, चित्रफीत, माध्यमांचा इतिहास आणि माध्यमांचे कायदे येतात. संविधानाच्या १९व्या अनुच्छेदाने भाषण व अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य दिले आहे, आणि त्याच अनुच्छेदात त्यावर कोणते वाजवी निर्बंध घालता येतात तेही लिहिले आहे. बातमी लिहिणाऱ्याला या दोन्ही बाजू माहीत असाव्या लागतात. आता या दोन पदव्यांचे मिश्रण करून 'इंग्रजी, संवाद आणि माध्यमे' असे अभ्यासक्रम निघाले आहेत. कल्पना चांगली आहे. एकीकडे वाचनाची खोली, दुसरीकडे हाताला काम.

नव्या शैक्षणिक धोरणामुळे हे जमवणे सोपे झाले. आपल्या मध्य प्रदेशाने महाविद्यालयांत हे धोरण २०२१-२२ पासूनच लागू केले. मुख्य विषय, गौण विषय, व्यावसायिक विषय अशी रचना आली. एक वर्ष करून सोडले तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी आणि चार वर्षांनी ऑनर्स. इंग्रजी मुख्य आणि हिंदी साहित्य गौण, अशी जोडी आज घेता येते. पूर्वी अशा जोडीकडे लोक संशयाने पाहत.

पण हिशेब तपासायची सवय जात नाही, म्हणून विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यातले आकडे पाहिले. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० श्रेयांक लागतात. त्यात भाषा आणि संवादकौशल्यासाठी राखलेले श्रेयांक ८, आणि त्या आठांत आधुनिक भारतीय भाषा व इंग्रजी दोन्ही. म्हणजे स्वतःच्या भाषेत नीट लिहायला शिकण्याची जबाबदारी कॉलेजने जवळजवळ विद्यार्थ्यावरच सोडली आहे. ती घराने आणि मंडळाने उचलायची, की तशीच सोडून द्यायची, हा खरा प्रश्न आहे.

मराठी माणसाचा या धंद्याशी जुना संबंध

"आपल्याला काय कळतं त्यातलं?" असे आपले लोक म्हणतात तेव्हा नवल वाटते. मराठी पत्रकारितेचा जन्मच दोन भाषांत झाला. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत 'दर्पण' सुरू केले, तेव्हा त्यात मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी छापला जाई. जांभेकर तेव्हा ऐन तरुण होते आणि इंग्रजीवर त्यांचे प्रभुत्व होते. तरीही ज्यांना सांगायचे त्यांच्या भाषेचा स्तंभ त्यांनी सोडला नाही.

आता आपल्या बाजूला येऊ. माधवराव सप्रे दमोह जिल्ह्यातल्या पथरियाचे, जन्म १८७१ चा. घरची भाषा मराठी, पण १९०० साली पेंड्र्याहून त्यांनी 'छत्तीसगढ मित्र' हे मासिक काढले ते हिंदीत. टिळकांचे 'गीतारहस्य' आणि समर्थांचा 'दासबोध' त्यांनी हिंदीत नेले. भोपाळचे वृत्तपत्र संग्रहालय आज त्यांच्या नावाने उभे आहे. बाबूराव विष्णु पराडकर काशीच्या मराठी घरातले. 'आज' या हिंदी दैनिकाचे ते थोर संपादक झाले. हिंदीतल्या कितीतरी रूढ शब्दांचे श्रेय त्यांना दिले जाते, आणि त्यांत आमच्या बँकेतला रोजचा 'मुद्रास्फीति' हा शब्दही आहे. मराठीत आपण त्याला चलनवाढ म्हणतो.

आणि आपले इंदूर? १९४७ साली निघालेल्या 'नई दुनिया' ला ज्यांनी घडवले ते राहुल बारपुते मराठी घरातले. त्यांच्यानंतर त्या खुर्चीवर बसलेले राजेंद्र माथुर मराठी नव्हते, पण त्यांची गोष्ट या लेखाच्या विषयाशी सर्वांत जवळची आहे. माथुर इंग्रजीत एम. ए. झालेले आणि इंदुरातल्या गुजराती कॉलेजात इंग्रजी शिकवणारे. शिकवता शिकवता ते 'नई दुनिया' त लिहू लागले, पुढे तिथे आणि मग दिल्लीत 'नवभारत टाइम्स' चे संपादक झाले. जगाच्या घडामोडी ते इंग्रजीतून वाचत आणि माळव्याच्या वाचकाला त्याच्या हिंदीत समजावून सांगत. सकाळी चहाबरोबर ते वाचणारी आमची पिढी अजून आहे.

त्या गृहस्थांच्या प्रश्नाचे उत्तर या माणसांच्या कामात आहे. इंग्रजी ही जगातले ज्ञान घरात आणण्याची वाट. ते वाटायचे कोणाला, हे आपल्या अवतीभवतीच्या लोकांवरून ठरते, आणि ते लोक हिंदी बोलतात, मराठी बोलतात, माळवी-निमाडी बोलतात. एका भाषेतून घेऊन दुसऱ्या भाषेत देणे हेच आपल्या लोकांनी शंभर वर्षे केले. परमुलखात वसलेल्या माणसाला ते सवयीने येते.

आजचा बाजार

हा इतिहास झाला. आज नोकरी देणारा काय पाहतो?

पहिली गोष्ट, निव्वळ शुद्ध इंग्रजी लिहिता येणे याचे मोल घटले आहे. ते काम आता यंत्र करते, अर्ध्या मिनिटात करते आणि पगार मागत नाही. वेबसाइटसाठी शब्दांवर पैसे घेऊन मजकूर लिहिणाऱ्यांवर ही कुऱ्हाड आधी पडते आहे. यंत्राला जे जमत नाही ते म्हणजे पायाने करायचे काम : झोन कार्यालयात जाऊन बसणे, पाण्याच्या टाकीखाली रांगेत उभ्या असलेल्या बाईशी बोलणे, दोन माणसांनी दोन तऱ्हेने सांगितलेली गोष्ट ताडून पाहणे. ते लोकांच्या भाषेतच करावे लागते.

दुसरी गोष्ट, भाषांतरात यंत्र कुठे घसरते हे ओळखायला दोन्ही भाषा मुरलेला माणूस लागतो. हिंदीतली 'शिक्षा' मराठीत आली की लेकरांना विद्येऐवजी छड्या मिळतात. हिंदीत 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न, मराठीत थट्टा. बँकेच्या 'अनापत्ति प्रमाण-पत्र' चे मराठी 'ना हरकत' असे होते, पण पुण्याहून आलेल्या एका पाहुण्यांनी ते वाचून आम्हाला विचारले होते, "म्हणजे तुमच्यावर आता आपत्ती नाही, असा दाखला देतात का?" आपण हसलो तरी अशाच चुका विम्याच्या अटींत, औषधाच्या सूचनांत आणि सरकारी नोटिसांत होतात, आणि त्या वेळी कोणाला हसू येत नाही.

तिसरी गोष्ट, दोन भाषांची अट घालणाऱ्या पक्क्या नोकऱ्या आहेत आणि आपल्या मुलांना त्या ठाऊक नाहीत. सरकारी बँकांत राजभाषा अधिकारी हे पद असते. हिंदीत एम. ए. आणि पदवीला इंग्रजी हा विषय, ही त्याची पात्रता. केंद्र सरकारच्या कार्यालयांत अनुवादक लागतात, तिथेही हिंदी-इंग्रजी दोन्हींची जोड मागतात. बँकेतल्या कारकुनाच्या भरतीत ज्या राज्यातून अर्ज केला तिथली भाषा यावी लागते. म्हणजे मराठी लिहिता-वाचता येणाऱ्या इंदूरच्या मुलासाठी महाराष्ट्राचे दारही उघडे आहे. पण 'येते' म्हणजे लिहिता-वाचता आले पाहिजे. "मी येऊन राहिलो" वर घरात काम भागते, भाषेच्या परीक्षेत भागत नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या दिवशी आपण सर्वांनी एकमेकांना शुभेच्छा पाठवल्या. आमच्या टेबलाशी बसलेल्या मुलांना आम्ही आता विचारतो, "मराठीत पानभर काही लिहून दाखवता का?" बहुतेक मुले आईकडे पाहतात.

कर्जाचा हिशेब

आता आमचा खास विषय. त्या मुलीने खुणा केलेल्या खासगी संस्थेचा खर्च वर्षाला २ लाख, तीन वर्षांचे ६ लाख. वडिलांची तयारी कर्ज काढायची होती. आम्ही कागद घेतला.

समजा व्याजदर १० टक्के आणि दर वर्षी २ लाख उचलले. शिक्षणाची तीन वर्षे आणि त्यानंतरचे एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज थांबत नाही. साध्या व्याजाने पहिल्या उचलीवर ८० हजार, दुसरीवर ६० हजार, तिसरीवर ४० हजार, असे १ लाख ८० हजार चढतात. हप्ते सुरू होतात तेव्हा देणे असते ७ लाख ८० हजार. सात वर्षांत फेडायचे तर हप्ता महिन्याला सुमारे १२,९५० रुपये. दहा वर्षांत फेडायचे तर सुमारे १०,३००. पंधरा वर्षे घेतली तरी सुमारे ८,४००. माध्यमात नव्याने लागलेल्या मुलीला २० हजार पगार मिळाला असे धरा. त्यात दुसऱ्या शहरात खोली, डबा आणि हा हप्ता. वडिलांनी कागद दोनदा पाहिला आणि चष्मा काढून ठेवला.

काही सवलती आहेत, त्या जाणून घ्याव्यात. ४ लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण नाही आणि स्वतःचा हिस्साही भरावा लागत नाही. शिक्षण चालू असताना घरच्यांनी व्याज भरत राहिले तर वरचे १ लाख ८० हजार मुद्दलात मिसळत नाहीत, हे फार थोडे लोक करतात. आयकरात या व्याजावर आठ वर्षे वजावट मिळते, पण ती जुन्या करपद्धतीतच. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने पीएम-विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. क्रमवारीत वरच्या संस्थांच्या यादीतल्या संस्थेत गुणवत्तेवर प्रवेश मिळाला तर तारण आणि जामीनदाराविना कर्ज मिळते. कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर हप्ता सुरू होईपर्यंतच्या काळात व्याजात ३ टक्के सवलत आहे, मात्र ती वर्षाला एक लाख विद्यार्थ्यांपुरती. म्हणून संस्थेचे नाव त्या यादीत आहे का, हे प्रवेशशुल्क भरण्याआधी पाहावे. भरल्यावर पाहणारेच आमच्याकडे जास्त येतात.

आमचे मत स्पष्ट सांगतो. या विषयासाठी मोठे कर्ज काढू नये. इंजिनिअरिंगलाही आता नोकरीची हमी नाही, पण माध्यमांत सुरुवातीचा पगार कमी असतो आणि तो वाढायला वेळ लागतो. सरकारी किंवा अनुदानित कॉलेजात इंग्रजी घेऊन पदवी करावी, त्याच काळात लिहिण्याचा सराव करावा आणि पैसे लावायचेच तर पदवीनंतरच्या एका वर्षाच्या चांगल्या अभ्यासक्रमाला लावावेत. भारतीय जनसंचार संस्थेत असे अभ्यासक्रम आहेत, तिच्या अमरावती केंद्रात मराठी पत्रकारिताही शिकवतात. भोपाळला माखनलाल चतुर्वेदी पत्रकारिता विद्यापीठ आहे. आपल्या देवी अहिल्या विद्यापीठातही पत्रकारितेचा विभाग आहे. घरी राहून शिकणे म्हणजे कमीपणा नाही, हे मुलांना पटत नाही, पण हप्ता भरताना पटते.

कॉलेजात जाऊन विचारायचे प्रश्न

माहितीपत्रकातले चकचकीत स्टुडिओचे चित्र पाहून भुलू नये. स्वतः जावे आणि विचारावे : विद्यार्थी दर आठवड्याला काही लिहितात का, आणि ते कोण तपासून परत देतो? विभागाचे स्वतःचे सरावाचे वर्तमानपत्र आहे का, आणि त्याचा मागचा अंक पाहायला मिळेल का? हिंदीत किंवा मराठीत लेखन करून घेतात का, की सगळे इंग्रजीतच? शिकवणाऱ्यांपैकी वृत्तपत्रात किंवा आकाशवाणीवर काम केलेले किती? इंटर्नशिप संस्था मिळवून देते, की मुलांनी स्वतः शोधायची? तीन वर्षांचा एकूण खर्च किती, परीक्षाशुल्कासकट, लेखी?

शेवटच्या प्रश्नाला टाळाटाळ झाली तर उठून यावे.

आणि एक प्रश्न घरात विचारायचा. मुलीला लिहायला आवडते, की टीव्हीवर दिसायला? दोन्हींत गैर काही नाही, पण वाटा वेगळ्या आहेत. त्या दिवशी आम्ही तिला हेच विचारले. ती पहिल्यांदा बोलली. म्हणाली, "आमच्या गल्लीत तीन महिने खोदून ठेवलंय. आजी पडली त्यात. कुणी छापलं नाही. मला ते लिहायचंय."

वडील तिच्याकडे पाहत राहिले. बहुधा हे त्यांनीही प्रथमच ऐकले होते.

तिने कुठे प्रवेश घ्यावा, हे अजून ठरलेले नाही, अर्जाची मुदत आहे. आम्ही तिला एवढेच सांगितले की ती गल्लीची हकीकत तीनशे शब्दांत लिहून आण. एकदा हिंदीत, कारण झोन कार्यालयाला ती वाचायची आहे. एकदा मराठीत, कारण आजीला ऐकायची आहे. आणि एकदा इंग्रजीत, कारण तोच तुझा विषय आहे. तिन्हींत तुला काय बदलावे लागले ते आम्हाला सांग. कॉलेजचा पहिला पेपर झाला असे समज.

मंडळाच्या कार्यकारिणीकडे आम्ही एक विनंतीही ठेवली आहे. आपल्या वार्षिक अंकात दरवर्षी सत्काराचे फोटो आणि वर्गणीदारांची यादी असते. त्यातली चार पाने विशीच्या आतल्या मुलांना द्यावीत, मजकूर मराठीत, विषय आपल्या शहराचा. चुका दुरुस्त करायला आम्ही निवृत्त मंडळी आहोतच, तेवढा वेळ आमच्याकडे निश्चित आहे.

जूनअखेरपर्यंत दर शनिवारी ५ ते ७ आम्ही वाचनालयात भेटू. येताना गुणपत्रिका, उत्पन्नाचा दाखला आणि मुलाने किंवा मुलीने स्वतः लिहिलेले एक पान सोबत आणावे.